एकोणीस नंबरचं टिपाड

दहावीचा शेवटचा पेपर देऊन मित्रा घरी आली आणि चपला काढायच्या आधीच म्हणाली, "पप्पा, आम्ही सहा मैत्रिणी पार्कला जाणार आहोत. तोच, मी लहानपणी गेले होते तो. मला खूप मजा आली होती ना तिथं?"

मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. तिला पेपर कसा गेला, किती प्रश्न सुटले, किती गुणांचे सोडले, एवढंच विचारलं. माझ्याकडून तिची तेवढीच अपेक्षा असते.

त्याच दुपारी आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या नव्या सेक्रेटरीचा फोन आला. मुलगा सज्जन आहे, बोलतो अदबीने. म्हणाला, काका, धरण तळाला गेलंय, या आठवड्यात टँकर सुरू करावे लागतील. तुमच्या वेळचा तो कुलपाचा ठराव सापडेल का? सगळे म्हणतात, फार मुद्देसूद लिहिला होता तुम्ही. तसाच घेऊन टाकू.

मुद्देसूद. फोन ठेवल्यावर मी खुर्चीतच बसून राहिलो. सुनंदा, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातून डोकावली आणि काही न विचारता परत गेली. राग आला की मी आकडे पुटपुटतो. ते ती ओळखते.

आमची कॉलनी बीडबाहेर पालीच्या रस्त्याला आहे. बावीस घरं. बहुतेक सगळे आमचेच, बौद्ध समाजाचे: शिक्षक, कारकून, एसटीतले, एक-दोन निवृत्त. दोन-तीन घरं मजुरी करणाऱ्यांची, पण सभासद तेही, पहिल्या दिवसापासूनचे. गच्चीवर चढलं की धरणाची भिंत दिसते. ती भिंत हिरवट दिसली की उन्हाळा निभतो आणि पांढरी पडली की निभत नाही, एवढं इथल्या शाळकरी पोरांनाही कळतं. मी पाटबंधारे खात्यात मोजणीचा कारकून. मित्रा पावणेतीन वर्षांची होती त्या उन्हाळ्यात धरणातल्या पट्टीचा अगदी खालचा आकडासुद्धा वाळलेल्या चिखलात उभा होता. कागदावर लिहायला शून्य एवढंच होतं, आणि मी रोज इमानाने ते शून्य लिहीत होतो.

त्या उन्हाळ्याला वास होता. ऊन खाल्लेल्या लोखंडाचा, गंजाचा, आणि टँकरच्या डिझेलचा. प्रत्येक घरापुढे दोन टिपाडं. टिपाड म्हणजे दोनशे लिटरचं लोखंडी पिंप. त्यावर ऑइलपेंटने घराचा नंबर. टँकर दर चौथ्या दिवशी यायचा, दहा हजार लिटरचा. बावीस घरं, घराला चारशे लिटर, म्हणजे आठ हजार आठशे. उरलेले बाराशे चेअरमनच्या घरामागच्या हौदात, 'राखीव' म्हणून. टँकरचा हॉर्न वाजला की बायका कणीक अर्धवट मळलेली टाकून बाहेर यायच्या. आपल्या टिपाडाजवळ उभं राहायचं, पाईप आपल्या हाताने आत सोडायचा, भरलं की लगेच पुढच्याला द्यायचा. टिपाडाजवळ माणूस नसेल तर पाईप पुढे जायचा.

ठराव झाला त्याचं कारण वेगळं होतं. एक निवृत्त गृहस्थ पुण्याला मुलाकडे राहायला गेले होते, आणि त्यांच्या घराला कुलूप असताना त्यांचा भाचा त्यांची टिपाडं भरून आपल्या घरी नेत होता. मला ते खपलं नाही. मी सेक्रेटरी होतो. संक्रांतीच्या सुमाराला मी ठराव लिहिला: ज्या घराला कुलूप असेल त्या घराचा नंबर पाण्याच्या यादीतून कमी करण्यात येईल; घर उघडल्यावर सभासदाने लेखी अर्ज द्यावा; मंडळाच्या सभेत मंजुरी मिळाल्यावर नंबर पुन्हा चालू होईल. एकमताने मंजूर. टाळ्या पडल्या. यादीतून तीन घरं कमी झाली. तीन घरांचे बाराशे लिटर बाकीच्या एकोणीस घरांत वाटले जातील असं मी धरून चाललो होतो. ते गेले हौदात. राखीव आता चोवीसशे. मी विचारलं तेव्हा चेअरमन म्हणाले, अडीअडचणीला लागतं. कोणाच्या, ते मी विचारलं नाही.

त्या तिनांतलं एक घर, एकोणीस नंबरचं, कौसल्या आणि विलासचं होतं. दोन पत्र्याच्या खोल्या, कॉलनीच्या टोकाला. दरवर्षी दिवाळी झाली की ते दाराला कुलूप लावून ऊसतोडीला जायचे, इथून दूर, कुठल्याशा सहकारी कारखान्याच्या फडावर. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी तिकडची मोजणी. दोन माणसांना एक मोजणारी ती पद्धत मला तेव्हाही खटकायची, कारण मला चुकीची मोजणी खटकते. पण माझ्या ठरावाने तर त्या दोघांना शून्यावर आणलं होतं, आणि ते मला खटकलं नव्हतं. ठराव लिहिताना त्यांची आठवणच झाली नव्हती. हे मी आज सफाई म्हणून सांगत नाही. आठवण न होणं हाच तर गुन्हा आहे.

त्या वर्षी ऊसच नव्हता, कारखान्याचा हंगाम लवकर आटोपला. मार्चमध्ये ती दोघं परत आली, बरोबर राणी, त्यांची मुलगी, आमच्या मित्राहून एक महिन्याने लहान. त्याच आठवड्यात वीस मार्चचा, तळ्याच्या सत्याग्रहाच्या दिवसाचा कार्यक्रम होता. तळ्याच्या पाण्यावर भाषण मी केलं. दरवर्षी मीच करायचो. पाणी कोणाच्या मालकीचं नसतं, असं मी माईकवर म्हणालो आणि कौसल्या समोर सतरंजीवर राणीला मांडीत घेऊन बसली होती. तिची टिपाडं तिच्या दारात पालथी होती. भाषण संपल्यावर ती माझ्याकडे आली आणि नंबर कधी चालू होईल ते विचारलं. मी म्हणालो, अर्ज द्या. सातवी शिकलेली बाई, तिने त्याच संध्याकाळी वहीच्या पानावर नीट अक्षरात अर्ज लिहून दिला. मार्चच्या सभेला गणपूर्ती झाली नाही. सात जणांचं मंडळ, चार लागतात, तीन आले. विषय तहकूब. तोवर विलास आणि ती नदीच्या पात्रातल्या झऱ्यावरून घागरी आणत होते, जाऊन-येऊन चार किलोमीटर. ते अंतर मी मोजलेलं होतं. माझं कामच ते.

आणि मी पार्कच्या सहलीचा बेत आखत होतो.

बेत सुनंदाचा, आखणी माझी. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मे महिन्यात शाळेला सुट्टी आणि मला रजा. ती म्हणाली, ही पोरगी जन्मल्यापासून तिनं बादलीपेक्षा मोठं पाणी बघितलेलं नाही. डोळ्यांनी एकदा बघू दे. पुण्याच्या पलीकडे तो पार्क होता: लाटांचं तळं, छोटी आगगाडी, पुठ्ठ्याचा वाटावा असा किल्ला, माणसाएवढे ससे आणि अस्वलं. मी फुलस्केप कागदावर रकाने आखले. पावणेतीन वर्षांच्या मुलीला घेऊन जायचं म्हणजे साधी गोष्ट नाही. ती सकाळी साडेसहाला उठते, साडेअकराला पेंगते, एकला जेवते. एसटी किती वाजता, तिला झोप लागेल असा पट्टा कोणता, दूध कुठं तापवायचं, किती झबली, किती बिस्किटं. पार्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं होतं की पंच्याऐंशी सेंटिमीटरच्या आतल्या मुलांना तिकीट नाही. मी मित्राला दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं, डोक्यावर पुस्तक धरलं आणि पेन्सिलीने रेघ ओढली. चौऱ्याऐंशी.

"मेपर्यंत वाढली म्हणजे?" सुनंदा म्हणाली.

"दोन महिने भात बंद करू," मी म्हणालो. तेव्हा आम्हाला हसायला येत होतं.

कौसल्या अर्जाचं विचारायला आली होती, उंबऱ्याबाहेर उभी होती. ती म्हणाली, "दादा, आमची बी मोजा की." मी राणीला टेकवलं. ती लाजून हनुवटी छातीला लावत होती, कौसल्याने तिचं डोकं सरळ धरलं. त्र्याऐंशी. मी मित्राच्या रेघेशेजारी तिची रेघ ओढली, नाव लिहिलं आणि चेष्टेने म्हणालो, ही पण फुकटात जाईल बघ.

"मंग न्या की," कौसल्या म्हणाली.

हसत म्हणाली. मीही हसलो. सुनंदा हसली नाही. ती आत गेली आणि राणीसाठी फुलपात्रात पाणी घेऊन आली. अर्धं फुलपात्र. पाहुण्यालाही अर्धंच द्यायचे दिवस होते ते. राणी दोन्ही हातांनी धरून प्यायली आणि तळातला थेंब बोटाने पुसून चाटला.

बेत सगळा जुळला, अडला तो माझ्याच ठरावात. आम्ही चार दिवस जाणार, म्हणजे दाराला कुलूप. कुलूप म्हणजे आमच्या घराचा सात नंबर यादीतून कमी. टँकर गेल्याबरोबर निघावं आणि पुढचा यायच्या आत परतावं असा हिशोब मी बसवून बघितला, पण टँकर कधी घड्याळ पाहून येत नव्हता. परत आल्यावर अर्ज देऊन सभेची वाट बघायची, लहान पोरगी घरात, थेंब पाणी नाही. हे मला फार मोठं संकट वाटलं. इतकं मोठं की मी एप्रिलच्या सभेच्या विषयपत्रिकेवर ते घातलं. विषय एक, मागील सभेचं वाचन. विषय दोन, कुलपाच्या ठरावात दुरुस्ती. विषय तीन, एकोणीस नंबरचा अर्ज.

सभा चेअरमनच्या ओसरीवर झाली. सगळे खुशीत होते. चेअरमन म्हणाले, "काय बे सेक्रेटरी, स्वतःच्याच फासात पाय घातलास का?" सगळे हसले, मीही हसलो. सहल, लग्न, दवाखाना किंवा परीक्षा या कारणासाठी आठ दिवसांपर्यंत कुलूप असल्यास नंबर कायम राहील, आणि कोणाही दुसऱ्या सभासदाने टिपाडाजवळ उभं राहिलं तरी चालेल. दुरुस्ती मंजूर व्हायला चार मिनिटं लागली. मी घड्याळ बघितलं होतं. मग विषय तीन. एक जण म्हणाला, ऊसतोड म्हणजे काही सहल नाही, पाच-पाच महिने घर बंद असतं. दुसरा म्हणाला, उद्या सगळेच म्हणतील. तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला आणि मंडळ उठून आपापल्या टिपाडांकडे पळालं. मी वहीत लिहिलं: विषय तीन, वेळेअभावी तहकूब.

ओसरीच्या पायरीशी कौसल्या उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. आवाज न चढवता म्हणाली, "दादा, आमी बी कुलूपच लावून गेलतो की. पोटाला गेलतो."

"ते वेगळं आहे," मी म्हणालो.

काय वेगळं होतं? आजवर मी हा प्रश्न कितीतरी वेळा कागदावर मांडून बघितला आहे. एका बाजूला आमचे चार दिवस, दुसऱ्या बाजूला त्यांचे साडेचार महिने. एका बाजूला पुठ्ठ्याचा किल्ला, दुसऱ्या बाजूला उसाचा फड. त्यांचं घर बंद असताना त्यांनी पाणी मागितलंच नव्हतं. घर उघडल्यावर मागितलं, तहान लागल्यावर. माझ्या ठरावाने त्यांच्या आल्यानंतरच्या तहानेला शिक्षा दिली होती.

आम्ही नसताना आमच्या टिपाडाजवळ उभं राहायला कोणी तयार होईना. हॉर्न वाजला की ज्याला त्याला आपलं टिपाड. कौसल्याच सुनंदाला म्हणाली, "तुमी जावा, बाई. मी हुबी राहते. मला कुठं नंबर हाय? मी मोकळीच." सुनंदाने माझ्याकडे बघितलं. मी दुरुस्ती आठवली: कोणाही दुसऱ्या सभासदाने. कौसल्या सभासद होती. नियमात बसत होतं. मी हो म्हणालो.

पार्कच्या फाटकावर मित्रा साडेचौऱ्याऐंशी भरली. तेवढ्यानेही मला जिंकल्यासारखं वाटलं. पुढे प्रत्येक खेळापाशी एक पट्टी होती आणि तिच्या शेजारी लाकडी अस्वल. अस्वलाच्या खांद्याला लागत नसेल त्याने आत जायचं नाही. आगगाडीत नाही, घसरगुंडीत नाही. माणसाएवढ्या सशाला बघून ती सुनंदाच्या पदरात शिरली. साडेअकराला माझ्या कागदाबरहुकूम पेंगली. मग उठल्यावर आम्ही तिला लाटांच्या तळ्याकडे नेलं, ज्याच्यासाठी एवढा सगळा घाट घातला होता.

मी काठाने चालत तळं पावलांनी मोजलं. चाळीस मीटर लांब, वीस रुंद, खोली सरासरी एक धरली तर आठ लाख लिटर. म्हणजे ऐंशी टँकर. चार दिवसाला एक धरला तर तीनशे वीस दिवस, आमच्या अख्ख्या कॉलनीचं जवळजवळ एक वर्ष तिथं निळ्या फरशीवर मागे-पुढे हलत होतं आणि त्यात माणसं गाण्यावर नाचत होती. राग कोणावर काढायचा ते कळेना. नाचणाऱ्यांवर काढून काय उपयोग? मी स्वतः तिकीट काढून आत आलो होतो.

भोंगा झाला आणि लाटा सुरू झाल्या. पहिली लाट काठावर फुटली, फरशीवर पसरली, जाळीतून खाली गेली. मित्रा ताठ झाली. दोन्ही हात पुढे करून किंचाळल्यासारखी रडायला लागली: "सांडलं, सांडलं." दुसरी लाट आली. "पप्पा, सांडलं." ती खाली बसून ओंजळीने फरशीवरचं पाणी गोळा करायला लागली आणि माझ्याकडे बघून तिने हात पाठीमागे लपवले. मी मारीन म्हणून.

कारण मी मारलं होतं. एप्रिलमध्ये तिने तांब्या लवंडला तेव्हा मी तिच्या हातावर चापट दिली होती. फार जोरात नाही. पण त्या लाटांच्या काठावर मला ती चापट मोजता आली. फोटोवाल्याने तेवढ्यात फोटो काढला. तोच फोटो आमच्या कपाटात आहे आणि त्यात ती पाण्यात बसलेली दिसते. मजा आली होती ना, असं तिला त्याच्यावरूनच वाटतं.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही परतलो. आमची दोन्ही टिपाडं काठोकाठ भरलेली होती. वर पत्रा, पत्र्यावर दगड. उन्हाने वाफ होऊ नये म्हणून कौसल्याने आपलं जुनं लुगडं ओलं करून भोवती गुंडाळलं होतं, चार किलोमीटर चालून आणलेल्या पाण्याने. एकोणीस नंबरच्या दारात टिपाडं पालथीच होती. आम्हाला बघून ती आली, लुगडं सोडवून घेतलं आणि हिशोब द्यायला उभी राहिली.

"दोन्ही भरली, दादा. पाईप काढताना थोडं सांडत व्हतं, ते मी खाली घागर धरून घेतलं. अर्धी घागर भरली. सांगितल्यालं बरं."

मी म्हणालो, एक टिपाड तू घेऊन जा. माझा आवाज मलाच ओरडल्यासारखा वाटला.

"बिननंबरी? आन तुमीच वहीत लिवताल," ती म्हणाली आणि गेली. त्यात टोमणा होता, आणि तो बरोबर होता. संध्याकाळी सुनंदाने तिच्या दारात दहा हंडे नेऊन ओतले. मला न विचारता. मी मोजत बसलो होतो, म्हणून दहा हे मला माहीत आहे.

मेच्या सभेत मी विषय पुन्हा काढला. चेअरमन म्हणाले, पावसाळा तोंडावर आलाय, आता कशाला. तहकूब. मग पाऊस झाला, टँकर थांबले, सगळ्यांबरोबर मीही विसरलो. दिवाळीनंतर ते पुन्हा तोडीला गेले ते कॉलनीत परत आलेच नाहीत. तेलगावकडे एका शेतावर सालाने राहिले. तिथल्या विहिरीला पाणी होतं, आणि अर्ज लागत नव्हता. एकोणीस नंबरच्या दाराचं कुलूप गंजून कडीशी एकजीव झालं आहे.

आज फोननंतर मी जुनी वही काढली. ठराव आहे, माझं अक्षर आहे, खरंच मुद्देसूद आहे. अर्जही त्याच पानात आहे, वहीचं रेघांचं पान, पिवळं पडलेलं. पण माझं डोकं फिरलं ते या दोन्हींमुळे नाही. वहीच्या पहिल्या पानावर सभेचे नियम आहेत, मीच लिहिलेले. त्यातला सातवा असा: तहकूब झालेला विषय पुढील सभेत सर्वप्रथम घेण्यात येईल.

म्हणजे एप्रिलमध्ये कौसल्याचा अर्ज आधी यायला हवा होता. माझी सहल नंतर. तसं केलं असतं तर हॉर्न वाजायच्या आत पंधरा मिनिटं तिच्यासाठी होती. मी, ज्याच्या मोजणीत आजवर कोणी चूक दाखवली नाही, त्याने आपली सहल वर घातली आणि तिची तहान खाली. चेअरमनने सांगितलं नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं. मीच लिहिलं, आणि एवढी वर्षं मी चेअरमनवर आणि हौदावर आणि पार्कवर चरफडत राहिलो.

मित्रा चौकटीपाशी उभी राहून मोबाइलवर मैत्रिणींशी बोलत होती, कोणती बस, कोण डबा आणणार. तिच्या पाठीमागे पेन्सिलीच्या रेघांची शिडी आहे, दर वाढदिवसाची एक, एकशे एकोणसाठपर्यंत. शेजारी एकच रेघ. राणी, त्र्याऐंशी. तीही यंदा कुठंतरी दहावीला बसली असेल, किंवा नसेल. मला माहीत नाही, आणि ते माहीत नसणंही माझ्याच खात्यावर आहे.

मी मित्राला बसवून घेतलं आणि तो फोटो काढला तेव्हा ती का रडत होती ते सांगितलं. चापटीसकट. तिने विचारलं, "त्या काकूंचा अर्ज मंजूर झाला का शेवटी?"

मी सेक्रेटरीला उलटा फोन केला. म्हणालो, वही देतो, ती संस्थेची आहे, माझी नाही. पण रविवारच्या सभेला मी येणार. ठराव घेण्याआधी एक तहकूब विषय आहे, तो नियमाने पहिला घ्यावा लागेल. तो गोंधळला. म्हणाला, काका, ते लोक तर आता राहतच नाहीत इथं. सुनंदाही तेच म्हणाली: कौसल्या काय आता टिपाड घेऊन येणार आहे का?

न येईना का. टिपाडावर नंबर पुन्हा घालायला रंगाचा डबा मी आणून ठेवला आहे. सभेला चार माणसं जमेपर्यंत मी तिथून उठणार नाही, आणि हॉर्न वाजला तर माझं टिपाड रिकामं राहू दे. विषय पहिला: एकोणीस नंबर.